भरपाई म्हटली की टॅक्स नाही, असं नसतं हो

नोकरीतल्या केसच्या सेटलमेंटमध्ये मिळणाऱ्या भरपाईवर टॅक्स लागतो का, असं एका ताईंनी विचारलंय, त्यावर वर कोणीतरी लिहिलंय की भरपाई म्हणजे काय उत्पन्न नव्हे, मग टॅक्स कसला. अमेरिकेत तरी तसं नाहीये. माझी मामेबहीण तिकडे असते, ऑफिसमधल्या छळाची केस कोर्टाबाहेर मिटली, आणि रात्री साडेअकराला मी इथे सिडकोत गच्चीवर उभा राहून व्हिडिओ कॉलवर तिचे कागद वाचतोय. थकलेल्या पगाराच्या हिश्श्याचा डब्ल्यू-२ (पगार आणि त्यातून कापलेला टॅक्स दाखवणारा तिकडचा फॉर्म), त्यातून टॅक्स आधीच कापलेला, आणि मनस्तापाच्या रकमेचा १०९९ (पगाराव्यतिरिक्त मिळालेल्या पैशाचा फॉर्म), त्यात एक सेंटही कापलेला नाही, म्हणून बाईसाहेब खूश की हे माफच असणार! माफबिफ काही नाही, तो आपला आपण भरायचा. कायद्यातल्या १९९६ च्या बदलानंतर तिथे सूट आहे ती शारीरिक इजेच्या भरपाईला, नुसत्या मानसिक त्रासाला नाही, फक्त त्यासाठी डॉक्टरवर केलेला खर्च तेवढा सुटू शकतो.

आणखी एक, वकिलाने आपली फी परस्पर कापून घेतली तरी ती रक्कम आधी तुमच्याच उत्पन्नात धरतात, मग नोकरीतल्या भेदभावाच्या केसमध्ये ती वजा मिळते. ही वजावट लोक विसरतात. आणि तोंड बंद ठेवायची अट घातली तर २०१७ च्या कायद्याने लैंगिक छळाच्या सेटलमेंटचा खर्च कंपनीला वजा करता येत नाही, हे मला तरी आवडलं.

ज्या ताईंनी प्रश्न विचारलाय, त्यांची सही व्हायची असेल तर कुठली रक्कम कशापोटी ते करारात आत्ताच लिहून घ्या, नंतर बदलायला गेलं की फार मारामारी होते.