डोपिंग करणाऱ्या खेळाडूला तुरुंगात टाकावं का?

सडेतोड:
उत्तेजक घेतल्याबद्दलची चार वर्षांची बंदी संपते, खेळाडू परततो, टाळ्याही पडतात. खरा विजेता मात्र पदकाची वाट बघत बसतो आणि प्रायोजक तोवर निघून गेलेले असतात. लबाडीने दुसऱ्याचं बक्षीस लाटणं ही फसवणूकच. जर्मनीने २०१५ मध्ये खेळाडूंसाठीही तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. इतरांचं अडतंय कुठे?

वकिलीबाणा:
पुराव्यावर. ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमांत नमुन्यात पदार्थ सापडला की खेळाडू दोषी, तो शरीरात कसा आला हे त्यानेच सांगायचं. फौजदारी खटल्यात हेतू सरकार पक्षाने सिद्ध करायचा असतो. टेनिसपटू सिमोना हालेपची चार वर्षांची बंदी २०२४ मध्ये क्रीडा लवादाने नऊ महिन्यांवर आणली, कारण रॉक्साडस्टॅट हे बंदी असलेलं औषध दूषित आहारपूरकातून आल्याचं त्यांना पटलं. तिला आधीच कोठडीत टाकलं असतं तर?

सडेतोड:
तुमच्याच हिशेबाने हेतू सिद्ध झाला नसता, ती सुटली असती. मग भीती कसली?

वकिलीबाणा:
पकडलंत खरं! पण सुटेपर्यंतच्या तारखांचं काय? खेळाडूची कारकीर्दच मुळात आठ-दहा वर्षांची.

पडद्यामागे:
दोघंही खेळाडूभोवतीच घुटमळताय. सुई टोचणारा कुठाय? स्पेनमध्ये २००६ साली ‘ऑपरेशन पुएर्तो’ या पोलीस कारवाईत डॉ. फुएन्तेसकडे खेळाडूंना परत टोचायच्या रक्तपिशव्यांचा साठाच सापडला. डोपिंग तेव्हा तिथे गुन्हा नव्हता, म्हणून सार्वजनिक आरोग्याचं कलम लावलं. २०१३ ची एक वर्षाची शिक्षा २०१६ मध्ये रद्द झाली. उलट खेळाडूंचं असंच रक्त-डोपिंग करणाऱ्या जर्मनीतल्या एरफुर्टच्या डॉ. मार्क श्मिटला २०२१ मध्ये ४ वर्षं १० महिने, कारण जर्मनीत कायदा होता. लघवीच्या बाटलीत डॉक्टर सापडत नसतो, त्याला पोलीसच लागतात. अमेरिकेचा २०२० चा रॉडचेन्कोव्ह कायदा पुरवठादार आणि साथीदारांनाच धरतो, खेळाडूला वगळतो. हे मला पटतं.

सडेतोड:
म्हणजे पैसे मोजून बाही वर करणारा तेवढा साळसूद?

पडद्यामागे:
सगळे पैसे मोजत नाहीत. पूर्व जर्मनीत कोवळ्या मुलींना जीवनसत्त्वं म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या चारल्या, त्यांनाही आत टाकणार? आणि श्मिटचं जाळं उलगडलं ते योहानेस ड्यूर या स्कीपटूने तोंड उघडलं म्हणून. पुढे ऑस्ट्रियात त्यालाच शिक्षा सुनावली, स्थगित का होईना. आता दुसरा कोण बोलेल?

सडेतोड:
माफीचा साक्षीदार करा की त्याला. पण त्यासाठीही आधी गुन्हा नोंदवावा लागतो.