स्वमग्न मुलाच्या नैराश्यावर आरटीएमएस: करावं की नाही?

चाफा: मुलगा २४ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिस्टिक). आठ महिने झाले, नैराश्य आहे. रेल्वेची वेळापत्रकं त्याला तोंडपाठ. आता त्या वह्यांना हातही लावत नाही. दोन औषधं झाली, दोन्ही सोसली नाहीत. डॉक्टर आरटीएमएस सुचवतायत: कपाळाच्या डाव्या बाजूला वर कॉइल टेकवून चुंबकीय स्पंदनं, आठवड्याचे पाच दिवस, चार ते सहा आठवडे. भूल लागत नाही. मला वाटतं, करावं.

गारवा: माझं मत, करू नये. अमेरिकेत एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २००८ मध्ये मान्यता दिली ती प्रौढांच्या नैराश्यासाठी. स्वमग्न प्रौढांवरचे अभ्यास छोटे, बरेचसे खोट्या (स्पंदनं न देणाऱ्या) कॉइलशी तुलना न करता केलेले. रोज कुणीतरी आपुलकीने विचारपूस करतंय, यानेही माणसाला बरं वाटतं. शिवाय स्वमग्न लोकांत फिट्सचं प्रमाण मुळात जास्त. आणि ‘ऑटिझम बरा करतो’ म्हणून हेच यंत्र विकणाऱ्यांपासून तर चार हात लांबच राहा!

नदीकाठ: गारवा, मग औषधांचं काय? नैराश्याची औषधंही स्वमग्न लोकांवर फारशी तपासलेली नाहीत, तरी सर्रास लिहून देतात. आरटीएमएसमध्ये फिट येण्याचा धोका हजारात एकाहून कमी. तो फिट्सचा इतिहास नसलेल्यांचा आकडा आहे हे मान्य, म्हणून आधी तपासणी हवीच. पण पुरावा येईपर्यंत पोराने अंथरुणातच पडून राहायचं का?

गारवा: पडून राहा असं कुठे म्हटलं? समुपदेशन त्याच्या पद्धतीने बदलून घ्या आधी.

टिकटिक: मी स्वतः ऑटिस्टिक, घेतलंय. कवटीवर कुणी पेन्सिल आपटावी तसा ठोका, भुवई उडते. कानात बोळे घालूनही आवाज जातोच. पण मला जड गेलं ते कॉइलची जागा ठरवताना सतत डोक्याला होणारे स्पर्श आणि वरची ट्यूबलाइट. सांगितल्यावर त्यांनी ती बंद केली. दुसरं म्हणजे, ‘चेहरा पडलेला’ बघून आमचं नैराश्य मोजू नका. माझा चेहरा आनंदातही तसाच असतो. झोप, जेवण, आवडीचा विषय हे बघा. मला फायदा झाला, थोडाच, पण झाला. मुलाला विचारलंत का?

चाफा: खरं सांगते, नीट विचारलं नव्हतं. काल विचारलं. म्हणाला, “एका वेळी ठोके किती?” नेहमीच्या पद्धतीत तीन हजार, थीटा बर्स्ट नावाच्या तीन मिनिटांच्या झटपट पद्धतीत सहाशे, असं डॉक्टरांकडून कळलं. “सहाशे मोजता येतील,” म्हणाला. सोमवारी फक्त आवाज ऐकायला जातोय.