जुनेराचं काय केलं? विदर्भातल्या गावांतले अनुभव

मागच्या पंधरवड्यात माहेरी गेले होते, दारव्हा तालुक्यात. आईची लोखंडी पेटी उघडली तर तळाशी चार सुती पातळं, आबाजींचं एक धोतर, बाबांचे कॉलरीजवळ विरलेले सदरे आणि माझा शाळेतला निळा स्कर्ट निघाला. आई म्हणाली, "मंगळवारी भांडेवाली येते. एक डबा तरी येईल याच्यात." मी तिचा हात धरला. कापूस निघून गेलेला, तूर घरात आलेली, दुपारी मोकळ्या. म्हटलं, "आई, वाकळ शिवू."

अकरा दुपारी लागल्या. आधी सगळं गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवलं. बटणं, हुक, जाड शिवणी कापून टाकल्या, कारण सुई तिथेच अडते आणि मोडते. सारवलेल्या ओसरीत एक पातळ अंथरलं, त्यावर धोतर आणि सदऱ्यांचे तुकडे, विरळ जागी दुहेरी, मग वरचं पातळ. चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता आणि दोन विटा. हातभर लांब कच्चे टाके घातले की आतलं सरकत नाही. खरा धावदोरा कडेनं सुरू होतो आणि चौकोनात फिरत फिरत मध्यावर येतो. माझी पहिलीच ओळ तिरपी गेली. आईनं उसवायला लावलं नाही. पुढच्या तीन ओळी तिनं थोड्या थोड्या वळवत आणल्या आणि चौथ्या ओळीला सगळं सरळ झालं. ती जागा मी आता अंधारातही हातानं ओळखते.

दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या काकू आणि त्यांची सून येऊन बसल्या. चौघी चार बाजूंना. हिरवं पातळ माझ्या बारशाचं, हे मला तेव्हा कळलं. धोतराला पडलेला डाग हरभऱ्याच्या आंबेचा, म्हणजे पानांवरच्या आंबट दवाचा आहे, तो कधीच निघत नाही, हेही.

म्हणून हा चर्चेचा धागा. जुन्या कपड्यांतून, रद्दीतून, पोत्यांतून तुम्ही काय घडवलं ते सविस्तर लिहा. मात्र एक विनंती: काय फसलं तेही सांगा आणि हात किती दिवस गुंतला तेही. तयार वस्तूचा फोटो पाहून कोणाला वाकळ शिवता येत नाही.

लाखनी, भंडारा

माझ्या लेकीला पहिले सव्वा महिना एकही नवा कपडा घातला नाही. अंगडी, टोपडी, दुपटी सगळी आजेसासूबाईंच्या लुगड्याची. वीस-पंचवीस वर्षं धुतलं गेलेलं सूत जितकं मऊ असतं तितकं दुकानातलं कुठलंच कापड नसतं. फक्त शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा, बाळाच्या अंगाला टोचू देऊ नका. आणि गुंडी नको, बंद लावा.

सिंदेवाही, चंद्रपूर

आमच्याकडे कागदाचं टोपलं करतात. मी सासूबाईंकडून शिकले, आता दरवर्षी चार-पाच करते.

३ किलो रद्दी घ्या. मुलांच्या वह्या, वर्तमानपत्रं चालतात. चकचकीत पानं बाजूला काढा, त्यांचा लगदा नीट होत नाही. पाच दिवस भिजवायचं, रोज पाणी बदलायचं, मग पिळून उखळात कुटायचं. हात भरून येतात, त्यामुळे दोघींनी आळीपाळीनं कुटा. रात्रभर भिजवलेले मेथीचे दाणे दोन मुठी पाट्यावर वाटून त्यात घालायचे. मेथीनं चिकटा येतो, आणि ती कडू असल्यानं किडा तोंड लावत नाही असं सासूबाई सांगत. थोडी मुलतानी माती. हे सगळं कणकेसारखं मळलं की पालथ्या घमेल्यावर ओलं फडकं पसरायचं आणि त्यावर बोटभर जाडीनं थापत जायचं, तळहात सारखा पाण्यात बुडवत. फडकं विसरलात तर टोपलं घमेल्याला धरून बसतं आणि काढताना फुटतं. माझी दोन अशीच गेली.

पहिला दिवस सावलीत ठेवा. थेट उन्हात ठेवलं की तडा जातो. दुसऱ्या दिवशी ऊन चालतं, चार-पाच दिवसांत ठणठणीत वाळतं. आतून जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या कणकेच्या खळीनं चिकटवते, बाहेरून गेरू आणि चुन्याची टिंबं. सरगुंडे, कुरडया, कोहळ्याच्या वड्या, तुरीची डाळ सगळं त्यात राहतं. ओलं काही ठेवायचं नाही.

एक वर्ष मृगाच्या तोंडावर करायला घेतलं. पाऊस लागला आणि तिन्ही टोपल्यांवर हिरवी बुरशी चढली. शेणखताच्या खड्ड्यात टाकताना रडू आलं. आता होळी ते अक्षय्य तृतीया, एवढेच दिवस धरते.

सेलू, वर्धा

सिंदेवाहीच्या ताई, वह्या भिजवण्याआधी कोरी पानं काढून घेता ना? सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यातलं. आलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर गांधीजी मजकूर लिहीत, हे आमच्याकडे लहानपणापासून ऐकवतात. दर मे महिन्यात मी दोन्ही मुलांना घेऊन बसतो. जुन्या वह्यांतली कोरी पानं जुळवायची, दाभणानं तीन भोकं, सुतळीची गाठ, वर जुन्या पँटचं कापड. शुद्धलेखनाच्या वह्या मी गेली सहा वर्षं विकत आणलेल्या नाहीत.

समुद्रपूर, वर्धा

आमच्या शिवारात हिवाळ्यात यावं आणि पाहावं. हरभऱ्याच्या, तुरीच्या वावराभोवती लाल, पिवळ्या, जांभळ्या साड्यांचं कुंपण दिसतं. रानडुकरांसाठी. बाजारात जुन्या साड्या किलोवर मिळतात, त्या आणून तुराट्यांना आणि बांबूंना बांधतात. डुकरं काही दिवस बिचकतात, मग सवयीची होतात.

हंगाम संपला की त्या साड्या तिथेच लोंबत राहतात. उन्हानं त्यांचा जीव जातो, धागे सुटून मातीत मिसळतात, वखराला गुंडाळतात. मला ते बघवेना. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघी जावांनी सगळ्या उतरवून आणल्या आणि दोरी वळायला घेतली. निम्म्या साड्या हातात घेताच फाटल्या. तेव्हा पहिली गोष्ट हीच: दोन्ही हातांनी ताणून बघा, करकर आवाज आला तर ती साडी उन्हानं खाल्लेली आहे, तिची दोरी होणार नाही.

ज्या टिकल्या त्यांच्या उभ्या चार पट्ट्या फाडल्या, तीन पट्ट्यांची केसांसारखी वेणी घातली, वेणी गोल गुंडाळत दाभणानं शिवत नेली. दोन साड्यांत एक जाड पायपुसणं होतं. त्याच वेणीची चुंबळ केली तर डोक्यावर घागर हलत नाही. यंदा गहू निघायच्या आधीच साड्या उतरवल्या, तर त्यांत निम्म्याहून जास्त कामाच्या निघाल्या.

आकोट, अकोला

राम राम. म्या शिवणकाम काही शिकेल नाही, पण पोयाच्या झुली घरीच शिवतो. आमच्याकडं बैलजोडी हाये अजून. वरून बायकोचं जरीकाठाचं जुनं पातय, आतून गोणपाट. बैलाच्या पाठीचं माप दोरीनं घ्या लागते अन् वशिंडाले जागा सोडा लागते. पयल्या वर्षी म्या तेच विसरलो. तोरणाखाली बैल उभे केले, झूल घसरून पायात आली अन् आमचा सर्जा बिचकला. पोरं होती आजूबाजूले, लय भेव वाटलं. तवापासून वशिंडाच्या दोन्ही बाजूले बंद लावतो, छातीखाली सैल गाठ.

काचा लावू नका, जनावराले टोचते. जुन्या बांगड्यांवर रंगीत चिंधी गुंडाळून ते गोल टाका, लय शोभते. अन् पोयाच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीले, हयद-तूप लावून शेकलेल्या खांद्यावर जाड कापड येऊ देऊ नका. वर्षभर त्याच खांद्यावर जू असते.

घाटंजी, यवतमाळ

सगळ्यांचं वाचून आनंद झाला, पण एक गोष्ट हात जोडून सांगते.

२०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. माझ्या यजमानांनाही त्या वर्षी फवारणीहून आल्यावर चक्कर आली, दोन दिवस डोळ्यांपुढे धूसर दिसत होतं. ते बरे झाले. पण तेव्हा माझ्या लक्षात आलं की फवारणीचा सदरा मी इतर कपड्यांतच धूत होते, आणि फाटल्यावर तोच सदरा वाकळीच्या मधल्या थरात घालत होते. माझी लेकरं त्या वाकळीवर निजत होती.

फवारणीचे कपडे वेगळे ठेवा, वेगळे धुवा, आणि त्यांची कुठलीच वस्तू करू नका. पायपुसणंही नको. औषधाच्या डब्यांची फुलदाणी, तांब्या, कुंडी काहीही नको, कितीही धुतलं तरी. ते डबे भोकं पाडून निकामी करायचे असतात. युरियाच्या ४५ किलोच्या पिशव्या मी खळाळून धुते आणि चार जोडून अंगणात अंथरायची पट्टी शिवते, पावसात सरपण झाकते. धान्य त्यात भरत नाही. वाकळीत जाणारं प्रत्येक कापड आता मी विचारून घेते: हे कोणी, कुठे घातलं होतं?

दारव्हा (धागा काढणारी)

ताई, तुमचं वाचून मी आजच आईला फोन केला. बाबांचे सदरे बाजारहाटाचे होते, फवारणीचे नव्हते. तिनं ते आधीच बाजूला काढले होते, आपणहून. पण मला विचारायचं सुचलं नव्हतं.

एकीनं मला वेगळं विचारलं, सुती कोणतं आणि नायलॉनचं कोणतं ते कसं ओळखायचं. कडेचा एक धागा काढा आणि चिमट्यात धरून दिव्यावर जाळा. सुताची मऊ राख होते, कागद जळल्याचा वास येतो. दुसरं वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतं. ते वाकळीत घातलं तर उन्हाळ्यात घाम शोषत नाही. त्याच्या पिशव्या, दोऱ्या करा.

मेहकर, बुलढाणा

२०१८ च्या मार्चमध्ये राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हा आमच्या बचत गटानं कापडी पिशव्या सुरू केल्या. गट 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातला, बाया दहा, शिलाई मशीन तीन. वरून जुन्या साड्या, आतून जुनी चादर, बुडाला दुहेरी उलटसुलट शिवण. बंद जीन्सच्या कमरपट्ट्याचे, ते पाच किलो ज्वारीलाही तुटत नाहीत. एका पिशवीला कापण्यापासून पाऊण तास.

पहिल्याच वर्षी शहरातल्या एका दुकानदारानं दीडशे पिशव्या सांगितल्या, नेल्या, निम्मे पैसे दिले आणि मग फोन उचलणं बंद केलं. आमच्यातल्या दोघींनी त्या पैशांवर मुलांच्या फीचा हिशोब धरला होता. गटाच्या बचतीतून त्यांना दिले, पण फार लागलं मनाला. आता निम्मे पैसे आधी हातात आल्याशिवाय कात्री चालत नाही.

दुसरं दुखणं भावाचं. "जुनंच तर कापड, चाळीस रुपये कसले?" हे आठवडी बाजारात दर वेळी ऐकावं लागतं. मी आता पिशवी उलटी करून आतली शिवण दाखवते आणि पाऊण तास सांगते. जे बघतात ते घेतात. भाव मात्र आम्ही कमी करत नाही. जुनं कापड आमच्या घरचं असेल, पण मान-पाठ एक करून बसलेली बाई फुकटची नाही.

अमरावती जिल्हा, निवृत्त शिक्षक

आमच्या जिल्ह्यात शेंडगावला १८७६ साली गाडगेबाबा जन्मले. अंगावर ठिगळं जोडलेलं वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. शाळेत २३ फेब्रुवारीला, त्यांच्या जयंतीला, आम्ही भाषणं करायचो, झाडझूड करायचो. एका वर्षी मी मुलांना म्हटलं, उद्या घरून एकेक जुनं कापड आणा आणि सुई-दोरा.

थंडीत फरशीवर बसायला मुलांना बसकरं नव्हती. तीन शनिवारांत चौतीस बसकरं झाली, आत पोत्याचा तुकडा, वर चिंध्यांचे चौकोन. मुलगेही शिवत होते. एका मुलानं वडिलांच्या लुंगीचा चौकोन मधोमध लावला होता. त्याचे वडील पुण्याकडे कामाला गेलेले. तो ते बसकर घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. बाकीची शाळेच्या कपाटात राहायची.

कुरखेडा, गडचिरोली

समुद्रपूरच्या ताईंच्या दोरीत भर घालतो. वेणीऐवजी दोन पट्ट्यांचा पीळ घालून दोरी केली तर बाज विणता येते. एका माणसानं टोक धरायचं, दुसऱ्यानं पीळ द्यायचा, मग दोन पिळलेल्या पट्ट्या उलट दिशेनं एकमेकींवर सोडायच्या. हा उलटा पीळ चुकला की दोरी हातातून सुटताच उकलते. माझ्या बाजेला चौदा साड्या लागल्या, चार संध्याकाळी, मी आणि माझा भाचा. नायलॉनच्या साड्या इथे उत्तम, ओल्या झाल्या तरी कुजत नाहीत. उन्हाळ्यात अंगणात टाकली की खालून वारा लागतो.

फक्त आठ-दहा दिवसांत ती मधे खोल जाते. घाबरू नका, विणकाम चुकलेलं नसतं. पायथ्याकडची ताणाची दोरी सोडून पुन्हा ओढून घ्यायची, दोघांनी, पाय बाजेच्या खुराला लावून. आमची आज सकाळीच ओढली.