परधार्जिणा म्हणजे फितूर का?

सड्यावरचा:
वाडीच्या दिवाळी अंकासाठी एक इंग्रजी लेख मराठीत करतोय. लेखकाचं म्हणणं, परक्यांच्या विचारांचं कौतुक करणं वेगळं नि देशाशी बेइमानी वेगळी. पहिल्यासाठी मी 'परधार्जिणा' लिहिलं. संपादकांनी तांबडी रेघ मारली, "हा तर फितूरच झाला!" आमची आजी मात्र काकांना चिडवायला हाच शब्द वापरायची. त्यांना म्हणे घरच्या सोलकढीपेक्षा मुंबईचा सोडा गोड.

घाटमाथा:
संपादक बरोबर. परधार्जिण्याला ठपका आहेच. 'गुणग्राहक' लिहा.

काजूगर:
गुणग्राहक म्हणजे मैफलीत मान डोलावणारा. ठपका असलाच तर तो 'पर'ला चिकटलाय, आणि तोही कशाला? परगाव, परोपकार यात कुठे शत्रू बसलाय? 'धार्जिणा' तर साधा शब्द. आमच्या वेंगुर्ल्यात "ती जागा त्याला धार्जिणी नाही" म्हणतात, म्हणजे लाभली नाही. पोर्तुगीजांनी आणलेला काजू आमच्या कातळाला धार्जिणा झालाच की.

मोडीवाचक:
ज्याच्या 'धारे'ला लागून 'जिणं' तो धार्जिणा, असा माझा तर्क.

काजूगर:
तर्क झकास. पुरावा?

शुद्धलेखनी:
फितूर अरबी, बेइमान फारसी. सरळ 'देशद्रोही' लिहा नि मोकळे व्हा. सावरकरांनी रत्नागिरीत भाषाशुद्धी उगीच केली?

वकीलकाका:
त्याच सावरकरांनी लिहिलेलं इटलीच्या क्रांतिकारक मॅझिनीचं मराठी चरित्र १९०७ मध्ये निघालं, आणि इंग्रजांनी त्यावर बंदी घातली. परक्याचं कौतुक आहे म्हणून नव्हे, ते वाचून इथली पोरं पेटतील म्हणून! शिवाय देशद्रोह आणि राजद्रोह यांची गल्लत नको. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना १९०८ मध्ये दंडसंहितेच्या कलम १२४ अ खाली ६ वर्षांची शिक्षा झाली, ती राजद्रोहाची. त्यांच्या १८९७ च्या खटल्यात न्या. स्ट्रॅचींनी त्याच कलमातल्या 'अप्रीती'चा अर्थ प्रीतीचा अभाव असा लावला होता. म्हणजे सरकारवर प्रेम नसणं हा गुन्हा. दुसऱ्या कुणावर असणं हा नव्हे.

शुद्धलेखनी:
मॅझिनी स्वातंत्र्यासाठी होता. आताचे लोक फक्त तिकडच्या चकचकाटाला भुलतात.

मालवणची:
हे कोण ठरवणार? पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्रींनी १८३२ मध्ये 'दर्पण' काढलं, एका स्तंभात मराठी, शेजारच्यात इंग्रजी. तुमच्या मापानं तेही भुललेलेच.

घाटमाथा:
विषय भरकटतोय.

मालवणची:
भरकटूदे. काजूगर, मला 'धार्जिणा'चं कळलं नाही. आमच्याकडे जागा, पाणी, औषध सगळं 'मानवतं' किंवा 'मानवत नाही'. धार्जिणा फक्त वडीलधाऱ्यांच्या तोंडी, तोही माणसाबद्दल.

काजूगर:
पाणी मानवतं, जागा धार्जिणी असते. पाणी अंगाला, जागा नशिबाला!

मोडीवाचक:
मग सून? ती मानवते की धार्जिणी?

सड्यावरचा:
अहो, अंक सोमवारी छपाईला जातोय.

मालवणची:
सून पायगुणाची.