मदत हवी आहे: सप्टेंबरचा नीलम आणि शनीचा नीलम

भाचीचा जन्म सप्टेंबरचा असल्याने तिला लग्नात नीलमची अंगठी द्यावी, असे मनात आहे. सप्टेंबरचे रत्न म्हणून नीलमचे नाव अमेरिकी जवाहिऱ्यांनी १९१२ साली केलेल्या यादीत आहे. आपल्याकडे मात्र तो शनीचा खडा, आणि पत्रिका दाखवून, काही रात्री उशाशी ठेवून अनुभव घेतल्याशिवाय तो बोटात घालू नये, असे घरची वडीलधारी मंडळी बजावतात. त्यांचे मन मला मोडायचे नाही. सराफाने दाखवलेल्या श्रीलंकेच्या खड्यात भिंगातून रेशमासारख्या बारीक सुया दिसल्या. रंग खुलवण्यासाठी खडा फार तापवला की त्या विरघळतात, त्यामुळे हा बहुधा न तापवलेला असावा. तरी प्रमाणपत्र हवेच. पुण्यात खात्रीची तपासणी कोठे होते आणि उशाशी ठेवण्याची रीत आपल्याकडे कशी पाळतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.