‘मोबाईलवर बघितलेलं व्हिडिओ आर्ट म्हणजे बघितलेलंच नाही’: हे ठरवलं कुणी?

रावपुऱ्याची कार्टी
काल इथल्या एका काकांनी (नाव घेत नाही, सगळ्यांना कळलंय) लिहिलं की व्हिडिओ आर्ट (व्हिडिओ हेच माध्यम घेऊन केलेली कला) ही काळोख्या खोलीत, मोठ्या पडद्यासमोर उभं राहून बघायची गोष्ट आहे. नेटवर तुकडे बघून पोरं स्वतःला जाणकार समजतात, त्यांनी आधी चार चांगली प्रदर्शनं बघावीत. खाली ‘अगदी बरोबर’, ‘शंभर टक्के’ची रांग. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

बघावीत, पण कुठे? मी बी.कॉम., दिवसभर लोकांची जीएसटी रिटर्न भरते. आपल्या बडोद्याच्या फाइन आर्ट्स कॉलेजच्या फाटकातून आत गेले ती फक्त गरब्याला. असली काही कला असते हेच मला उबूवेबवर (प्रयोगशील फिल्म-व्हिडिओ फुकट दाखवणारी वेबसाइट) भटकताना कळलं. तिथून उड्या मारत मारत न्यूयॉर्कच्या स्टाइना वासुल्का या व्हिडिओ कलाकारापर्यंत पोचले. बाई व्हायोलिन वाजवतेय आणि त्या आवाजाने पडद्यावरचं तिचंच चित्र वेडंवाकडं होतंय. 1970च्या दशकातलं काम! आई जेवायला हाका मारत होती, मी उठले नाही. मग व्हिडिओ आर्टवाला नाम जून पाइक, मग आणखी कोणकोण, आणि शेवटी आपले चित्रकार अकबर पदमसी. म्हणजे न्यूयॉर्कमार्गे मुंबई. 1969 ते 72 पदमसींनी नेहरू फेलोशिपच्या पैशांतून मुंबईत कार्यशाळा चालवली, चित्रकारांच्या हातात कॅमेरे दिले, चित्रकार नलिनी मलानींनी तिथे ‘ड्रीम हाउसेस’ ही फिल्म केली. हे मला कधी कुणी सांगितलं होतं? पदमसींच्या ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ या फिल्मची एकुलती एक प्रिंट प्रदर्शनासाठी दिल्लीला गेली आणि हरवली. घ्या, प्रदर्शनं बघा.

जुना विद्यार्थी
नाव घेतलं असतंस तरी चाललं असतं, बेटा.

पाइकचा ‘टीव्ही बुद्ध’ बघितलास ना? 1974. बुद्धाची जुनी मूर्ती, समोर टीव्ही, वर कॅमेरा. बुद्ध टीव्हीत त्या क्षणीचं स्वतःचंच चित्र बघतोय. अख्खं काम ‘आत्ता’वर उभं आहे. तू बघितलंस ते कुणीतरी केलेलं त्याचं शूटिंग. त्यात बुद्ध आहे, टीव्ही आहे, काम नाही. आणि मध्येच व्हॉट्सॲप आलं असेल तर तेही बघितलं असशील.

प्रिंट हरवली हा गॅलरीचा दोष नाही, एकच प्रिंट काढण्याचा आहे.

रावपुऱ्याची कार्टी
‘टीव्ही बुद्ध’ बडोद्यात कुठे बघायचा, पत्ता द्या. संग्रहालयात? कीर्तिमंदिरात?

पोट भरतं का
दोघांनी उबूवेबची आरती चालू ठेवा. 1996 पासून हे लोक कलावंताला न विचारता कामं चढवतात, कुणी ओरडलं की उतरवतात. व्हिडिओची पाच-सहा प्रतींची आवृत्ती निघते, एखादी विकली गेली तर वर्षभराचं भाडं सुटतं. ती फुकटात फिरायला लागली की विकत कोण घेणार? मी स्वतः व्हिडिओ करतो. ‘खूप छान, लिंक पाठवा ना’ हे ऐकून कान किटलेत.

जुना विद्यार्थी
मी कधी आरती केली? नीट वाचत जा.

मिक्सिंगवाला
मोठ्या लोकांत बोलू नये, पण बोलतो. मी नव्वदच्या दशकात दांडिया बाजारात लग्नाच्या कॅसेटी करायचो. ते वेडंवाकडं चित्र वगैरे आम्ही रोज करत होतो. पॅनासॉनिकचा व्हिडिओ मिक्सर (दोन चित्रं एकमेकांत मिसळायचं यंत्र) होता. वरघोड्याच्या (नवरदेवाच्या वरातीच्या) चित्रावर सूरसागर तलाव चढवायचा, कमळ उमललं की आत नवरी. कॅमेऱ्याचं तोंड त्याच्याच टीव्हीकडे वळवलं की टीव्हीत टीव्ही, त्याच्या आत टीव्ही, असा बोगदा तयार होतो. झूम जरा हलवला की बोगदा फिरायला लागतो. एका लग्नात जयमालेच्या वेळी नवरा-नवरीला त्या बोगद्यात सोडलं. नवऱ्याचे वडील म्हणाले, मुलगा विहिरीत पडल्यासारखा दिसतोय, आणि निम्मे पैसे कापले. तेव्हा मला कुणी आर्टिस्ट म्हटलं नाही.

रावपुऱ्याची कार्टी
भाऊ!! ह्यालाच व्हिडिओ फीडबॅक म्हणतात, वासुल्का मंडळींनी (स्टाइना आणि तिचा नवरा) नेमकं हेच केलंय. कॅसेट आहे का अजून?

जुना विद्यार्थी
झालं. आता लग्नाच्या कॅसेटी पण कला. मग मुंजीच्या अल्बमने काय घोडं मारलंय? फरक हेतूचा असतो. त्यांना माध्यम तपासायचं होतं, यांना नवरदेवाला खूश करायचं होतं. आणि तेही जमलं नाही.

मिक्सिंगवाला
साहेब, टोमणा पोचला. फाइन आर्ट्सची मुलं डिस्प्लेच्या (कॉलेजातल्या प्रदर्शनाच्या) आधी मॉनिटर भाड्याने न्यायला माझ्याच दुकानात यायची. वायर कुठे खुपसायची ते मी दाखवायचो. हेतू ती घेऊन यायची.

मांडवीचा मन्या
😂😂 काका, पाणी प्या.

पोथी आणि पुरावा
हेतूवर बोलायचं तर आपल्याच बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांपासून सुरुवात करा. 1912 मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करून महिनाभराची वाढ मिनिटा-दोन मिनिटांत दाखवली, ‘अंकुराची वाढ’. आज बघितलं तर निखळ प्रयोग. हेतू काय होता? सिनेमासाठी कर्ज मिळवणं. आणि मिळालंही. भांडवलासाठी केलेला वाटाणा चालतो, तर नवरदेवासाठी केलेला बोगदा का नाही?

आणि काळोखी खोली म्हणाल, तर वासुल्कांनी 1971 मध्ये न्यूयॉर्कला ‘द किचन’ हे व्हिडिओ दाखवायचं ठिकाण काढलं ते एका जुन्या हॉटेलच्या खरोखरच्या स्वयंपाकघरात. व्हिडिओ दाखवायला धड जागाच नव्हती म्हणून.

जुना विद्यार्थी
फाळक्यांना मध्ये आणायचं काही कारण नव्हतं. त्यांनी पुढे ‘हरिश्चंद्र’ केला. यांनी पुढे काय केलं?

मिक्सिंगवाला
मोबाईल रिपेअरिंग. पोरगी इंजिनीअर झाली त्यावर. आणखी काही?

रावपुऱ्याची कार्टी
काका, हे अति होतंय हं.

मिक्सिंगवाला
जाऊ दे ताई. कॅसेटचं विचारलंत. कपाटात खालच्या खणात होत्या. 2024 च्या ऑगस्टात पुरात विश्वामित्री नदी घरात आली, तेव्हा बऱ्याच गेल्या. वरच्या खणातल्या राहिल्या. त्यात बोगदा असावा.

मांडवीचा मन्या
विश्वामित्रीचा विषय निघालाच आहे तर, नदीचं पात्र अडवून बंगले बांधले कुणी? आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मगर होती, मगर! स्कूटरवर विम्याचा एक पैसा मिळाला नाही. आणि इथे लोक व्हायोलिन घेऊन बसलेत.

पोथी आणि पुरावा
मन्या, वेगळा धागा काढ.

सर्व्हरवाला
भाऊ, पुराच्या ओलीत राहिलेली कॅसेट चुकूनही व्हीसीआरमध्ये घालू नका. टेपच्या कडेला पांढरी पावडर दिसली तर ती बुरशी. ती हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला पोचते. आधी साफ करून घ्या, मगच डिजिटल. घाई मात्र करा, व्हीसीआर आता नवा मिळत नाही, फुनाई या शेवटच्या उरलेल्या कंपनीने 2016 च्या जुलैत बनवणं बंद केलं.

आणि ताई, नेटवर आहे म्हणजे टिकलं असं समजू नका. 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅश (नेटवर ॲनिमेशन चालवणारं सॉफ्टवेअर) बंद झालं आणि त्यात केलेली किती नेट-आर्ट एका फटक्यात काळी पडली. रफलसारखी इम्युलेटर (बंद पडलेलं सॉफ्टवेअर परत चालवून दाखवणारे प्रोग्राम) आहेत म्हणून थोडंफार परत दिसतं. उबूवेबनेही 2024 मध्ये नवं काही चढवणं थांबवलं होतं, पुढच्या वर्षी परत सुरू केलं. ज्यांनी गुपचूप उतरवून ठेवलं, त्यांच्याकडेच राहतं.

पोट भरतं का
‘गुपचूप उतरवून’. वा. चोरी म्हणा की सरळ.

सर्व्हरवाला
पदमसींची ती प्रिंट कुणी वेळेत चोरली असती तर आज बघायला मिळाली असती.

पोट भरतं का
हे एक उदाहरण सगळीकडे फिरवा तुम्ही. (एवढ्यापुरतं बरोबर आहे.)

जुना विद्यार्थी
मी माझ्या मतावर ठाम आहे. बडोद्यात बघायला मिळत नाही हे खरं, त्याला मी काय करू? जे मिळतं ते मोबाईलवर बघा बापडे, पण ‘बघितलं’ म्हणू नका, ‘माहीत झालं’ म्हणा.

मिक्सिंगवाले, तो बोगदा सापडला तर कळवा. माझ्याकडे प्रोजेक्टर आहे, खोलीत काळोख करता येतो. भिंतीवर मोठा बघू.

रावपुऱ्याची कार्टी
मी येते. मोबाईलवर शूट करून इथे टाकते.

जुना विद्यार्थी
मोबाईल बाहेर ठेवायचा.

पोट भरतं का
आणि त्या जोडप्याला विचारलंय का कुणी? चेहरे त्यांचे आहेत.

मिक्सिंगवाला
दोघं वेगळी झाली हो. कुणाला विचारू, त्याला की तिला?