अनंताच्या कळ्या न उमलताच गळतात, काय करू?

बागवेडी:
कुंडीतला अनंत छान डेरेदार झालाय, कळ्याही भरपूर लागतात पण बोराएवढ्या झाल्या की देठाशी पिवळ्या पडतात आणि टपाटप गळतात. शेंड्याची नवी पानंपण पिवळी पडलीत, शिरा मात्र हिरव्यागार आहेत. शेणखत घालते, पाणी रोज देते. या फुलाचा वास मला इतका आवडतो ना, एक तरी फूल उमलू दे असं झालंय. कुणाला काही सुचतंय का?

मातीतला:
नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोह कमी पडतंय. खालची जुनी पानं तशी असती तर मॅग्नेशियमचा संशय घेतला असता. मातीत लोह बहुतेक असेलच, पण अनंताला आम्लधर्मी माती लागते, पीएच साधारण ५ ते ६, तो वर गेला की असलेलं लोहसुद्धा मुळांना उचलता येत नाही. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्याने हळूहळू हेच होतं. कुंडीच्या काठाला पांढरा थर धरलाय का बघा. धरला असेल तर पावसाचं पाणी साठवून वापरा आणि चिलेटेड आयर्न (मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह) द्या, पण ईडीडीएचए प्रकारचं, ईडीटीएवालं अशा मातीत टिकत नाही. राख, चुना, अंड्याची टरफलं अजिबात नको.

कुंडीवाला:
वरचं बरोबरच आहे, पण कळ्या गळायचं मोठं कारण पाणी. माती कधी ठणठणीत कोरडी आणि कधी चिखल असं झालं की झाड आधी कळ्याच टाकतं. रोजचा नेम सोडा, बोट दोन पेरं आत खुपसा, कोरडं लागलं तरच भरपूर घाला, खालून निथळलं पाहिजे. कळ्या धरल्यावर कुंडीची जागा बदलू नका. सकाळचं ऊन मिळालं की पुरे. आणि पानांच्या बेचक्यात कापसासारखं काही दिसतं का, मुंग्या चढतात का तेही बघा, तो पिठ्या ढेकूण असतो, रस शोषून कळ्या वाळवतो. थोडा असेल तर ओल्या फडक्याने पुसून काढा.

बागवेडी:
पांढरा थर आहे हो! मुंग्या नाहीत. छाटणी आत्ताच करून टाकू का?

मातीतला:
आत्ता नको, कळ्याच जातील. बहर संपल्यावर लगेच करा, उशीर केला तर पुढच्या बहराच्या कळ्या धरणाऱ्या फांद्याच कापल्या जातात. जास्वंदीचं वेगळं, ती नव्या फुटीवर फुलते. आणि पिवळी झालेली पानं पूर्ण हिरवी होतील याची वाट बघू नका, नवीन फूट हिरवी येतेय का ते बघा.